पहिल्याच धुण्याला सुटणारी टोपली

चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षांना ज्यांची मुलं बसली असतील, किंवा जे स्वतः कधीकाळी बसले असतील, त्यांना ‘स्मरणचित्र’ हा शब्द विसरता यायचा नाही. एलिमेंटरीला वस्तुचित्र असायचं, नक्षीकाम असायचं, भूमिती आणि अक्षरलेखन असायचं, पण मुलांच्या पोटात गोळा यायचा तो स्मरणचित्राच्या पेपराला. समोर काहीच ठेवलेलं नाही, आठवून काढायचं! आणि आठवून काढायच्या विषयांत हमखास येणारा विषय म्हणजे बाजार.

मी सावंतवाडीच्या परिसरातल्या एका हायस्कुलात ३१ वर्षं चित्रकला शिकवली आणि ३१ वर्षं मुलांकडून हा बाजार घोटवून घेतला. डावीकडे एक झाड. झाडाखाली भाजीवाली, तिच्या हातात तराजू. समोर पिशवी घेतलेलं गिऱ्हाईक, पाठमोरं, म्हणजे तोंड काढायला नको. उजवीकडे दोन टोपल्या, एकीत टोमॅटो आणि एकीत काहीतरी हिरवं. मागे घरांच्या छपरांची ओळ, आकाशात चार कावळे. टोपलीचं विणकाम दाखवायला आडव्या-उभ्या रेघांची जाळी मारायची. असा बाजार ज्यांनी नीट रंगवला त्यांना ‘अ’ श्रेणी मिळाली. त्यांच्यातला एक आज आर्किटेक्ट आहे. त्याला तो बाजार अजून आठवत असेल तर मला त्याची माफी मागायला हवी. कारण ते झाड, ती भाजीवाली आणि ते कावळे मी माझ्या शिक्षकांकडून जसेच्या तसे उचलले होते. खऱ्या बाजारात बसून मी एकही रेघ कधी मारलेली नव्हती.

हे माझ्या लक्षात आलं ते निवृत्तीनंतर, आणि तेही अगदी योगायोगानं.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आमच्या भागातल्या लोकांना नवा नाही. सावंतवाडीहून सकाळची गाडी धरली की बांदा, पत्रादेवी, पेडणे करत माणूस दीडेक तासात म्हापशाला पोचतो. बार्देश तालुक्याचं हे ठाणं. मोजायचं ‘माप’ आणि भरणं यांवरून गावाला नाव पडलं असं म्हणतात. खरं असो-नसो, शोभतं खरं. पोर्तुगीज अंमलाच्या अखेरच्या काळात बांधलेली बाजाराची इमारत आहे, पण शुक्रवारी बाजार त्या इमारतीत मावत नाही. तो रस्त्यावर येतो, पायऱ्यांवर चढतो, मोकळ्या जागा अडवतो. मयड्याची मोठाली केळी, चवरीसच्या लालभडक माळा, सुकी मासळी, अबोलीचे वळेसर हे सगळं आहेच. मला ओढ असते ती त्याच्या कडेकडेनं बसणाऱ्यांची. तिथं मडकी असतात, सुपं-रोवळ्या असतात, काथ्याचे दोर, खराटे, कोयते आणि आडाळे असतात. म्हणजे ज्यांनी वस्तू केली तेच, किंवा त्यांच्या घरातलंच कुणीतरी, ती विकायला बसलेलं असतं.

त्या शुक्रवारी मी पावसाळ्याच्या बेगमीसाठी म्हणून गेले होते. खरेदी लवकर आटोपली आणि परतीच्या गाडीला दोन तास होते. पिशवीत एका विद्यार्थ्यानं निरोप समारंभात दिलेली, अजून कोरी असलेली चित्रवही होती. म्हटलं, बघू या.

मी मडक्यांच्या ढिगासमोर उभी राहिले आणि काढायला लागले. पाच मिनिटांत घाम फुटला. वर्गातलं वस्तुचित्र जागचं हलत नाही हो! इथं ज्या मडक्यावर नजर ठेवावी ते उचलून कुणीतरी टिचकी मारून बघतंय, ज्या बाईची पाठ काढायला घ्यावी ती पैसे देऊन चालती झालेली. हमाल ओरडतोय, मागून दोन मुलं वहीत डोकावताहेत, त्यातला एक दुसऱ्याला सांगतोय की मारियोसारखं काढणार बघ! (मारियो मिरांडा २०११ साली गेले, पण गोव्यात कुणी कागद-पेन काढलं की त्यांचंच नाव निघतं. लोटलीच्या त्या माणसानं गोव्याची गर्दी अशी काही काढून ठेवली आहे की मागून येणाऱ्याची पंचाईत व्हावी.) अर्ध्या तासानं मी वहीकडे पाहिलं. पानावर डावीकडे झाड होतं. झाडाखाली तराजूवाली बाई होती. डोळ्यांसमोर म्हापसा आणि कागदावर एलिमेंटरीचा पेपर! तिथं झाड नव्हतंच, निळी ताडपत्री होती. हातानं माझं न ऐकता पाठ केलेलं चित्र काढून टाकलं होतं.

तेवढ्यात मडकीवाली खेकसली, “गो बाय, बस, ना जाल्यार वच!” बस, नाहीतर जा. मी तिच्या मालासमोर उभी असल्यामुळे गिऱ्हाईक अडत होतं. मी बसले. तिच्या शेजारी, तिच्याच पोत्याच्या कडेला.

चित्रकलेत ‘नेत्रपातळी’ म्हणून एक गोष्ट असते. बघणाऱ्याचे डोळे ज्या उंचीवर, चित्रातली क्षितिजरेषा त्या उंचीवर. फळ्यावर आकृती काढून मी ती किती वेळा शिकवली असेल त्याला गणती नाही. पण बसल्याबरोबर जे झालं त्याला मी तयार नव्हते. उभ्यानं पाहताना मडक्यांची तोंडं मोठी गोल दिसत होती, ती आता चपटी, जवळजवळ रेघेएवढी लंबवर्तुळं झाली आणि मडक्यांची पोटं एकदम पुढं आली. विकणाऱ्या बायका ‘खाली’ नव्हत्या, त्या माझ्या समोर होत्या. आणि गिऱ्हाइकं? गिऱ्हाइकांचे नुसते पाय! चपला, साडीचे काठ, पँटच्या दुमडी, लोंबणाऱ्या पिशव्या. क्वचित एखादा हात वरून खाली यायचा, वस्तू उलटीपालटी करायचा आणि परत वर निघून जायचा. या बायकांना दिवसभर जग असं दिसतं. मी ३१ वर्षं मुलांना बाजार काढायला लावला तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी.

त्यानंतर मी शुक्रवार चुकवेनाशी झाले.

सुरुवातीला मडकीवालीनं मला फार लावून घेतलं नाही. ती डिचोलीकडची. डिचोलीची मातीची भांडी गोव्यात नावाजलेली. तिचं एकच म्हणणं होतं, “म्हजें तोंड नाका, म्हजीं मडकीं काड.” माझं तोंड नको, मडकी काढ. लोक येतात, विचारता न विचारता फोटो काढतात, हसून निघून जातात, मडकं मात्र घेत नाहीत, ही तिची तक्रार. मला ती अगदी बरोबर वाटली. आपण कुणाकडे तासभर टक लावून पाहतो ते फुकट कसं असेल? मग मी स्वतःपुरते काही नियम केले. ज्याच्याजवळ बसायचं त्याच्याकडून काहीतरी घ्यायचं, आणि घासाघीस न करता. भवानी व्हायच्या आधी वही उघडायची नाही, कारण पहिलं गिऱ्हाईक परत फिरलं तर ठपका आपल्यावर. गर्दीच्या वेळी बाजूला सरायचं. या नियमांमुळे आमच्या घरात इतकी मडकी झाली की ह्यांनी एकदा शांतपणे विचारलं, “आता आपणच पाटी लावून बसायचं का?”

चतुर्थीच्या आधीच्या एका शुक्रवारी तिच्या मालात घुमटं आली होती. आरतीला घुमट हवंच. २०१९ साली गोवा सरकारनं त्याला वारसा वाद्याचा मान दिला. पूर्वी त्याच्या तोंडावर घोरपडीचं कातडं ताणत, आता कायद्यानं घोरपडीला संरक्षण असल्यामुळे बकऱ्याचं लावतात. बाजारात ती नुसती मातीची, कातड्यावाचूनची होती. मी एक घुमट मन लावून काढलं, छाया-प्रकाश दिला, आणि तिला दाखवलं. तिनं पाहिलं, काही बोलली नाही. समोरचं घुमट उचलून तिनं माझ्या डोळ्यांसमोर दुर्बिणीसारखं धरलं. पलीकडची ताडपत्री दिसली, ताडपत्रीच्या फटीतून आभाळाचा तुकडा दिसला. घुमटाला दोन्हीकडून तोंड असतं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. मी लहानपणापासून घुमट ऐकत आले होते आणि मी काढलं होतं ते एका बाजूनं बंद असलेलं मडकं! ते वाजलं नसतं.

पण खरी फजिती पुढंच होती.

मडकीवालीच्या पलीकडे एक म्हातारबाबा बसायचे. पेडण्याच्या बाजूचे. समोर सुपं, रोवळ्या, कोंबड्यांची डालगी. ते नुसते विकत नसत, बसल्या जागी विणतही असत. त्यांचे हात काढणं सोपं जाईल असं मला वाटलं, कारण ते एकाच जागी, तीच तीच हालचाल करत होते. तीन शुक्रवार मी त्यांचे हात आणि हातातली टोपली काढली. तिसऱ्या वेळी पान चांगलं जमलं असं वाटलं म्हणून पुढं केलं. त्यांनी वही लांब धरली, जवळ धरली. मग नखानं माझ्या टोपलीवर मोजायला लागले. मोजून झाल्यावर म्हणाले, “बाई, तुमची टोपली पयल्याच धुण्याक सुटतली.”

मी हसले. त्यांना वाटलं मला कळलं नाही, आणि ते खरंच होतं. त्यांनी हातातली टोपली उलटी केली. उभ्या असतात त्या कांबी आणि त्यांच्यातून आडवी फिरते ती पाती. पाती एका कांबीवरून जाते, दुसरीखालून जाते, तिसरीवरून, चौथीखालून. आता कांबी सम संख्येच्या असल्या तर काय होईल? एक फेरा पूर्ण करून पाती परत पहिल्या कांबीशी आली की पुन्हा तिच्या वरूनच जाईल. दुसऱ्याही फेऱ्याला वरून, तिसऱ्याही. मग वीण बसतच नाही, नुसते वेढे होतात. म्हणून एकाच पातीनं विणायचं तर कांबी विषम हव्यात. “एक कांब जास्त व्हयी,” बाबा म्हणाले. तळ विणताना कांबी जोडीनं येतात, तेव्हा एखादी कांब मधोमध चिरून तिच्या दोन करायच्या, की झालं विषम. माझ्या टोपलीत बावीस कांबी होत्या आणि जाळी अशी मारलेली की सगळ्या पात्या एकाच बाजूनं वर आलेल्या. ३१ वर्षं मुलांना शिकवलेली तीच ती आडव्या-उभ्या रेघांची जाळी!

घरी येऊन मी कपाटातली जुनी स्मरणचित्रं काढली. नमुना म्हणून जपून ठेवलेली, ‘अ’ श्रेणीची. एकाही मुलाची टोपली टिकली नसती.

त्या दिवसानंतर मी टोपली काढण्याआधी मोजायला लागले. आणि मोजायला लागल्यावर काढायचा वेग इतका मंदावला की एका सकाळी एखादीच वस्तू पुरी होई. आडाळ्याच्या पात्याचा बाक, त्याच्या टोकाची नारळ खवायची दाती, पातं लाकडात ठोकून बसवलेली जागा. दोराचा पीळ कुठल्या दिशेनं, हे मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. लोकांना वाटतं, जागेवर बसून चित्र काढायचं म्हणजे झरझर हात चालला पाहिजे. तसं काढणारे असतात, आणि त्यांची रेघ बघत राहावी अशी असते. माझा मात्र तो पिंड नाही, हे मला साठीत कळलं.

अशा कामाला आपल्याकडे एक जुना माग आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८६५ साली लॉकवुड किपलिंग शिकवायला आले. ‘जंगल बुक’वाल्या किपलिंगचे हे वडील. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या, दर्शनी कमानींवर बाजारहाटाची जी कोरीव शिल्पं आहेत ती त्यांची. १८७० साली सरकारनं त्यांना वायव्य प्रांतात हिंडून कारागिरांची कामावर असतानाची चित्रं काढायला पाठवलं. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. मी ती छापील स्वरूपातच पाहिली आहेत. त्या चित्रांत माणूस कसा बसला आहे, हत्यार कसं धरलं आहे, पाय कशाला लावला आहे हे सगळं नीट आहे. पुढं आपल्या रावबहादूर धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरची नाना जातींची, नाना धंद्यांची माणसं काढली. एडवर्ड्सच्या १९१२च्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’मध्ये त्यांची चित्रं आहेत. ही नावं मी परीक्षेसाठी पाठ केली होती आणि मुलांना टिपणं म्हणून दिली होती. किपलिंगच्या चित्रातल्या एखाद्या कारागिरानं वही हातात घेऊन ‘साहेब, हे सुटेल’ असं म्हटलं असेल का, हा प्रश्न मात्र मला म्हापशालाच पडला.

बाबांविषयी आणखी थोडं सांगायला हवं. एक चांगली रोवळी करायला त्यांचा एक दिवस आणि वर थोडा वेळ जाई. बांबू निवडून आणणं, चिरणं, सोलणं वेगळंच. किंमत दोनशे सांगितली की समोरचा माणूस शंभराला मागे आणि शेजारच्या दुकानात टांगलेल्या प्लॅस्टिकच्या चाळणीकडे बोट दाखवी. बाबा चिडत नसत. “ती बी बरी आसा,” म्हणत. मुलगा या कामात नव्हता. मी एकदा शिक्षकी सवयीनं हळहळले, तर ते माझ्याकडे बघून म्हणाले की त्याला कंपनीत महिन्याला पगार मिळतो आणि तिथं कुणी त्याची जात विचारत नाही. त्यावर मी काय बोलणार? बांबूचं काम हे आपल्याकडे कुणी आवडीनं निवडलेलं नव्हतं, ते जातीनं वाट्याला आलेलं होतं. ‘कला लोप पावते आहे’ असं म्हणताना आपण हे सोयिस्कर विसरतो. मीही विसरले होते.

त्यांच्याकडून घेतलेल्या रोवळीत मी आजही तांदूळ धुते. तळ चौकोनी, तोंड गोल. चौकोनाचा गोल कुठं होतो ते बोट फिरवूनही सापडत नाही. माझ्या वहीत या रोवळीची नऊ पानं आहेत.

एका पावसाळ्यानंतर बाबा आले नाहीत. दुसऱ्या शुक्रवारी नाहीत, तिसऱ्या नाहीत. त्यांच्या जागेवर रंगीत बादल्या आणि टब आले. मडकीवालीनं मान हलवली, एवढंच. मी वही घेऊन गेले होते, ती उघडली नाही. चार नारळ घेऊन परत आले.

दिवाळी झाल्यावर एक तिशीतली बाई मडकीवालीजवळ माझी वाट बघत थांबलेली दिसली. बाबांची सून. एका बचत गटानं तिला रोवळ्यांची मागणी दिली होती, पंचवीस नगांची. सासऱ्यांच्या हाताखाली तिनं सुपं केली होती, डालगी केली होती, रोवळीही विणायला येत होती. पण तिचा काठ बाबा स्वतःच बांधत. तो त्यांनी कुणाला करू दिला नव्हता. त्यात गुपित वगैरे काही नव्हतं, काठ बिघडला की आख्खी वस्तू वाया जाते म्हणून. आणि मडकीवालीनं तिला सांगितलं होतं की एक मास्तरीण आहे, तिच्या वहीत सगळं आहे.

मी अभिमानानं वही उघडली. सून एकेक पान उलटत गेली. कांबी मोजल्या, मान डोलावली. तळ पाहिला. मग काठाशी आली आणि थांबली.

“बाई, काठ खंय आसा? ह्येच्यात दिसना नाय.”

नऊच्या नऊ पानांवर काठ म्हणजे दोन रेघा आणि मध्ये तिरके फटकारे. काठाशी पोचेपर्यंत दरवेळी ऊन वर आलेलं असायचं, गर्दी झालेली असायची, गाडीची वेळ झालेली असायची. शिवाय चित्रात काठ म्हणजे शेवटची गोष्ट, ती काय कशीही भागते, अशी माझी समजूत. मी तिच्यासमोर पानं पुन्हा उलटली, जणू काही एखादं दहावं पान निघणार होतं. ती समजूतदार होती. “जांव दे,” म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी मी स्वयंपाकघरातली रोवळी घेऊन गेले. घरून निघताना हे म्हणाले, “तांदूळ कशात धुणार?” मी म्हटलं, चाळणीत.

आम्ही दोघी मडकीवालीच्या पोत्यावर बसलो. रोवळी पाण्यानं मुरलेली, काळपट झालेली होती, काठाची बांधणी आवळून दगड झालेली. सुनेनं सुरीचं टोक घातलं, निघेना, मग वाकून दातांनी पहिली गाठ ओढली. एक वेढा सुटला. ती थांबली, मी काढला. दुसरा सुटला. तो पहिल्याच्या खालून येऊन दोन कांबी सोडून तिसरीमागं गेला होता, हे दोघींनाही त्याच क्षणी दिसलं. मडकीवाली गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मान वळवून बघत होती. वरून एक हात आला, आमच्यामधली रोवळी उचलायला लागला आणि कितीला म्हणून विचारू लागला. सुनेनं तो बाजूला केला.

“काडलात?” तिनं विचारलं.

“थांब,” मी म्हटलं, “हा वरून गेला की खालून?”